लसूणघास

शुक्रवार. पहाटे निघालो तेव्हा चांदणं होतं,
सोहार मागे पडेतो धुळीनं सगळं पुसलं.
"आज काही दिसायचं नाही," मी म्हटलं.
इक्बाल मुजावर दुर्बिणीची काच पुसत राहिला,
जुन्या बनियनच्या चिंधीनं.

खजुरीआड लसूणघासाचं चौकोनी शेत,
बांधावर मोफिझुल, सिल्हेटचा,
विळा खाली ठेवून आम्हाला न्याहाळत:
सुट्टीच्या दिवशी ही माणसं
शेतात कशाला येतात?

एक हुदहुद.
दोन टिटव्या, आपसात भांडत.
तारेवर चाष, वाऱ्याला तोंड देऊन,
दर झोतासरशी निळा उसवत.

मग डोंगराकडून ढग आला. दहाच मिनिटं,
गाडीच्या टपावर हरभरे सांडावेत तसा.
थांबला, तर ऊन असं की
ओला सदरा अंगावरच वाळला.

आणि घासात भोरड्या उतरल्या.

गुलाबी पाठ, काळं डोकं, तोच कलकलाट.
सांगोल्याच्या जोंधळ्यातून
ह्यांनाच हुसकलं होतं मी,
माळ्यावर उभं राहून, घसा बसेपर्यंत.

इक्बाल मोजत होता: अडतीस, एकोणचाळीस...
माझा उजवा हात डोक्याच्या वर,
दुर्बिणीचा पट्टा गोफणीसारखा
अर्धा वळसा फिरलेला.

मोफिझुल खो खो हसला.
त्याच्याही खांद्याला ते ठाऊक असणार.

मी हात खाली घेतला.

परतीला पुन्हा धूळ, वायपर करकरतोय.
इक्बालनं गुडघ्यावर वही धरून लिहिलं:
भोरडी, बेचाळीस.
शेरा: उडवल्या नाहीत.