पाणी एकोणचाळीस अंश

गुरुवारी रात्री मासळीच्या जुन्या गोदामात सिनेमा.
शुक्रवारी सकाळी सात वाजता, अंधारातच,
गरम पाण्याच्या कुंडात त्याचा निकाल.

मी काचेच्या खोलीत बसते.
पाण्याचं तापमान फळ्यावर लिहिते,
टॉवेल मोजते,
आणि कुंडाकडची खिडकी चार बोटं उघडी ठेवते.
गुरुवारची रात्रपाळी माझीच, म्हणून
अकरा वर्षांत या आइसलँडी खाडीवर आलेले सगळे सिनेमे
मी या फटीतून पाहिलेत.

वाफेत पाच डोकी.
वाद घालताना डोक्यावर बर्फ ठेवावा म्हणतात,
इथे ती सोय आभाळच करतं.
सगळे एकमेकांना पाण्यातच पाहतात,
तरी वैर म्हणावं असं कुणाचं कुणाशी नाही.

काल काय होतं?
स्तेइनुन म्हणते, एका बाईची गोष्ट,
शेगडीवर दूध ठेवून घराबाहेर पडते
आणि परत येत नाही.
येते, म्हणतो केतिल. शेवटी दार वाजतं ना?
वाऱ्याने वाजतं.
वाऱ्याने आपटतं. हे वाजलं. तीनदा.
यावर दहा मिनिटं.
दहा मिनिटं नुसतं दार.

सिगुरलाउग शाळेत गणित शिकवते.
तिच्या हिशेबाने सिनेमा चाळीस मिनिटं जास्त होता,
आणि बाईचा कोट घरातून निघताना हिरवा,
बोटीवर निळा.
एवढंच दिसलं तुला?
एवढंच खात्रीने सांगता येतं मला.

बाल्दविन मध्यंतरानंतर झोपला होता.
ते तो कबूल करत नाही.
त्याच्या सिनेमात एक घोडा आहे,
पांढऱ्या पापण्यांचा, खिडकीतून आत बघणारा,
जो बाकी कुणालाच आठवत नाही.
मला तो घोडा आवडला.
मी तो ठेवून घेतला.

हाल्ग्रीमुर हनुवटीपर्यंत पाण्यात.
तो सहसा "बरा होता" म्हणतो,
किंवा "खुर्च्या बदलायला हव्यात."
आज म्हणाला, समुद्र खोटा होता.

खोटा म्हणजे?
आवाज. बोट कलंडते तेव्हा
समुद्र असा गर्जत बिर्जत नाही.
म्हणजे गर्जत असेल, तुम्हाला ऐकू येत नाही.
खालची भांडी ऐकू येतात. चमचे.
सगळे चमचे एकदम एका बाजूला जातात.
मग तेही थांबतं.

कुणी काही बोललं नाही.
पाणी येणाऱ्या नळीचा आवाज तेवढा.
त्या बोटीवरून तो एकटा परत आला,
हे गावात लहान पोरालाही माहीत आहे.
चमच्यांचं कुणालाच माहीत नव्हतं.
मलाही नव्हतं.
त्या बोटीवर स्वयंपाक माझे वडील करायचे.

मी टॉवेल मोजत होते. एकवीस की बावीस.
पुन्हा पहिल्यापासून मोजले.

शेवटी सिगुरलाउगनेच घसा खाकरला,
कारण फळ्यावर आकडा तर लिहायचाच असतो:
पाचपैकी किती, हाल्ग्रीमुर?

चार.

चार? खोट्या समुद्राला?

समुद्राला नाही, तो म्हणाला. दुधाला.
ते दूध खरं होतं.
उतू जायला लागलं तेव्हा
मी खुर्चीतून उठलो होतो बंद करायला.
विचारा केतिलला, त्याच्या पायावर पाय पडला माझा.

पडला, म्हणाला केतिल. जोरात पडला.
आणि मग पाचही डोकी हसली,
बर्फ पाण्यात सांडला,
आणि स्तेइनुन पुन्हा म्हणाली, पण दार वाऱ्यानेच वाजलं.

मी खडू घेतला.
पाणी ३९. सिनेमा ४.
घोड्याला जागा उरली नाही.

ते निघाले तेव्हा हाल्ग्रीमुर खिडकीपाशी थांबला,
ओला टॉवेल आत सरकवला,
फटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
थंडी येत नाही का गं आत? म्हणाला.
येते, म्हटलं.
मग त्याने ती बाहेरून आणखी दोन बोटं उघडली
आणि गेला.