पदरचं

ग्दान्स्कच्या धक्क्यावर, पहाटे पाचच्या काळोखात
मी शिडी चढते तेव्हा
ती माझ्या आधीच वर जाऊन बसलेली असते.
ती म्हणजे गोष्ट.
क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये, बेचाळीस मीटरवर,
थर्मासशेजारी, पाय हलवत.

"ही जागा चुकून मिळाली तुला," ती म्हणते.
"बोग्ना, आज कळेल सगळ्यांना."

माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे काच आहे
आणि काचेखाली जहाज.
तीस टनांची पेटी चार दोरांवर लोंबते.
वाऱ्याला तिचं वजन कळत नाही,
मला कळतं, मनगटात.

फेब्रुवारीत एकदा
एका निळ्या पेटीचा कोपरा
जहाजाच्या कठड्याला घासला.
वीतभर पोचा. रंगाचा एक पोपडा
गिरक्या घेत बाल्टिकमध्ये गेला.
कोणी जखमी नाही, कोणी ओरडलं नाही.
रजिस्टरमध्ये दीड ओळ.

पण त्या आठवड्यापासून झेनॉन गप्प झाला.

खाली उभा असतो तो, पिवळ्या जाकिटात,
वरून पाहिलं तर हळदीच्या बोटाएवढा.
आधी प्रत्येक पेटी टेकली की रेडिओवर म्हणायचा, "डोब्रा."
म्हणजे बरं, म्हणजे ठीक, म्हणजे आण पुढची.
वर्षभर, दिवसाला दोनशे वेळा.
आता नुसती खरखर.

आणि खरखरीत काय ऐकू येत नाही!
मी पदरचं घालत गेले.
पहिल्या दिवशी: रागावलाय.
तिसऱ्या दिवशी: साहेबांशी बोललाय.
दहाव्या दिवसापर्यंत
माझ्या जागी येणाऱ्या पोराचं
बारसंसुद्धा मी उरकलं होतं,
त्याला मिशा दिल्या, कधीच न थरथरणारे हात दिले.
जेवणाच्या सुट्टीत, बिटाच्या सुपात,
मी माझंच बडतर्फीचं पत्र वाचायचे
शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

मार्च संपताना, कपडे बदलायच्या खोलीत
बुटाची नाडी तुटली म्हणून वाकले
आणि उठताना सूचनाफलकाशी नाक आलं.
तिथे, हरवलेल्या सायकलच्या जाहिरातीखाली
अर्धा झाकलेला ऑफिसचा कागद:
चॅनेलवर अनावश्यक शब्द बोलू नयेत.
तारीख फेब्रुवारीची.
पोच्याच्या आदल्या दिवसाची.

झेनॉन मागे हातमोजे वाळत घालत होता.
मी विचारलं. त्याला आधी समजलंच नाही.
मग म्हणाला, "हो ना, जीभ नुसती शिवशिवते.
का? तुला काय वाटलं?"

काय सांगणार.
सहा आठवडे मी एका कागदाला
माणूस समजून घाबरत होते.

गोष्ट मेली, असं नाही.
दुसऱ्या दिवशी होतीच वर, थर्मासशेजारी.
"आणि पोचा? तो तर खरा ना?"
खरा, मी म्हटलं. वीतभर.
वीतभरच राहू दे. त्याला समुद्र लावू नकोस.
आणि सरक जरा,
तो दांडा लागतो मला.

ती सरकली. पूर्ण नाही.

धुकं होतं, कठडा दिसत होता, नव्हता.
मी पेटी उतरवली, श्वासाच्या गतीने,
चारही कोपरे बसल्याचा तो जाड आवाज
लोखंडातून चढत माझ्या तळपायाशी आला.
रेडिओचं बटण न दाबता मी म्हटलं, "डोब्रा."
स्वतःच्या तोंडून जरा खोटंच वाटलं.

पुढची पेटी किंचित तिरकी बसली.
उचलली. पुन्हा ठेवली.

खाली हळदीच्या बोटाने हात हलवला
की नुसतं नाक पुसलं?
इतक्या वरून कळत नाही.
मी पदरचं काही घातलं नाही.