अकरा अर्ज

टेबलावर अकरा अर्ज.
एप्रिल उजाडला, तरी छपरावरून घसरलेला बर्फ
खिडकीच्या अर्ध्यावर येऊन आत डोकावतोय.
कॉफी दोनदा गार झाली.

वाल्फ्रिड, तुझ्या नावानं मिळते ही शिष्यवृत्ती:
दीड हजार डॉलर, वर्षाला एकाला,
कॉलेजात पहिलं पाऊल टाकणाऱ्या,
लोकसेवेत जाऊ पाहणाऱ्या मुलाला नाहीतर मुलीला.
तुझ्या अंत्यविधीच्या टोपलीत जमलेले,
वर अग्निशमन केंद्रातल्या पॅनकेकच्या न्याहारीचे,
आणि तुझा ट्रक विकून आलेले.
दात कोरून पोट भरत नाही, ठाऊक आहे.
वसतिगृहातलं जेवण नाताळपर्यंतही पुरायचं नाही एवढ्यात.

अर्जात एकच प्रश्न, मीच घातलेला:
लोकसेवा म्हणजे काय? तीनशे शब्दांत.
तुला विचारला असता
तर टोपी मागे सरकवून म्हणाला असतास,
कसली सेवा, रस्ता आहे तो.
एकतीस हिवाळे पहाटे अडीचला उठून
तू काउंटीचा बर्फनांगर चालवलास,
मागे काहीच न पेरता.
दुपारपर्यंत तू ओढलेली रेघ पुन्हा बुजलेली.

मुलांनी मात्र मोठमोठे शब्द आणलेत.
समाजाचं ऋण. बदलाची मशाल.
एकीनं 'नेतृत्व' नऊ वेळा लिहिलंय,
मी पेन्सिलीनं मोजलं.
वाईट नाहीत ती. शाळेत कुणीतरी सांगितलं असेल
की पैसे अशाच शब्दांना मिळतात.
चुकीचंही नाही सांगितलं.

लेम्पी साल्मेलाच्या नातीला आरोग्यखात्यात परिचारिका व्हायचंय.
न्यूकंबच्या जुळ्यांतल्या एकाला जंगलखात्यात जायचंय,
दुसऱ्याला, तो जाईल तिथे.

सातवा अर्ज डॅरिअन मायोटचा.
तिरकं अक्षर, जेमतेम चव्वेचाळीस शब्द.
'मला पाणीपुरवठ्यात काम करायचं आहे.
आमच्या गल्लीतली पाइप दर फेब्रुवारीत फुटते.
ती का फुटते हे मला कळलं आहे.
दुरुस्त करणारा माणूस रिटायर झाला, जागा रिकामी आहे.
सेवा म्हणजे काय ते मला नीट सांगता येत नाही.
पाणी आलं की कुणी नळाकडे बघत नाही.
तसं काहीतरी.'

आणि खाली, जिथे छापलंय
'शिकून मी दोन वर्षं याच काउंटीत काम करीन',
तिथे सही नाही.
समासात बारीक: करीन असं वाटतं. आत्ताच शब्द देत नाही.

नियमानं हा अर्ज बाद.
नियम माझाच, तू गेल्यानंतरच्या भीतीतून आलेला.
तांब्याची खाण मिटली तेव्हापासून
जो तो शिकतो आणि पूल ओलांडतो.
आपला एरिकही. रविवारी फोन करतो.

पण तू तरी कधी शब्द दिला होतास?
लग्नातसुद्धा नुसती मान हलवलीस.
पाद्र्यानं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालास,
आलोय ना.

उद्या बैठक, ग्रंथालयाच्या तळघरात, आम्ही तिघं.
हार्लन नियमावर बोट ठेवेल, आणि बरोबरच असेल त्याचं.
छापील ओळ रबरानं जात नाही.
तरी घासून पाहिली. कागद तेवढा मऊ झाला.

बाहेर काउंटीचा नवा ड्रायव्हर
वळणावर जरा जास्तच आत येतो.
आपली टपालपेटी तिसऱ्यांदा आडवी केलीय त्यानं.
बर्फ वितळला की ती उभी करायला
कुणाला तरी सांगावं लागेल.