कल्हई सगळ्यात शेवटी

रात्री सव्वादहाला स्टोरेज गेलं.
अंबडच्या शेडमध्ये, जानेवारीच्या सात अंशांत,
पिंजारीने पडद्यावरचा अंदाज मोठ्याने वाचला:
एकतीस तास.
सकाळी नऊला पिग्मी एजंट मशीन घेऊन बाहेर पडतात.

सव्वाचार टेराबाइट. नऊ लाख खाती.
‘व्यवहार’ नावाच्या एकाच टेबलात पाचशे चाळीस कोटी ओळी:
भगूरच्या एका पानटपरीचे वीस रुपये,
पुन्हा वीस, पुन्हा वीस,
दिवाळीत पन्नास,
मग अकरा दिवस काहीच नाही,
मग वीस.

सर्व्हरला बत्तीस कोअर. राबत होता एक.
बाकीचे एकतीस मांडवात हात बांधून उभे,
आणि एकटा वाढपी अख्खी पंगत उरकतोय.

गायधनी सरांनी निवृत्तीआधी
बॅकअप वर्षावार तुकड्यांत घ्यायला लावला होता.
आम्ही हसलो होतो.
वीस वर्षं, वीस फायली;
आमची स्क्रिप्ट मात्र त्या एकामागून एक उघडत होती,
रॉकेलच्या रांगेसारखी.

माझे वडील तांबट.
हंडा एका पत्र्यातून निघत नाही, म्हणायचे.
बूड एकाने धरायचं, खांदा दुसऱ्याने, गळा तिसऱ्याने.
मग सांधा. मग ठोके.
कल्हई सगळ्यात शेवटी.
मी तेव्हा कानांत बोटं घालून पाढे पाठ करायचे.
तरी जे आत गेलं ते गेलंच.

“इंडेक्स सगळे काढ,” मी म्हणाले. “फॉरेन की पण.”
“सगळी नाती?” पिंजारी थबकला.
“याला रिलेशनल म्हणतात ना, मॅडम?”
आधी माणसं येऊ देत, पिंजारी.
नाती आधी लावली
तर प्रत्येक ओळ उंबऱ्यावर थांबून विचारत बसते:
आत माझं कुणी आहे का हो?
पाचशे चाळीस कोटी वेळा.

मेमरी वाढवली. लॉग लिहिणं थांबवलं.
एक रात्र खतावणी न लिहिता चाललेली पतसंस्था,
ऑडिटरला सांगू नका.
वीसही फायली एकदम सोडल्या, तर डिस्क घुसमटली.
बारा ठेवल्या.
गंगापूरचे दरवाजे उघडतानाही
रामकुंडावर कोण उभं आहे ते बघावं लागतं.

सह्यांची चित्रं मागे ठेवली.
दीड टेराबाइट अंगठे, वेलांट्या,
आणि कुणाची तरी थरथरती ‘शकुंतला’,
दुपारपर्यंत थांबतील.

एक वाजता पाणी दुतोंड्या मारुतीच्या पायांशी.
चारला कमरेला.
सहाला तिथेच.
सहा वाजून वीस, तिथेच.
(दोन हजार सोळाची फाईल. नोटबंदीचं वर्ष.
ते तेव्हाही असंच अडून बसलं होतं.)
सातला छातीपर्यंत.
पूर चढावा म्हणून डोळे लावून बसायची
नाशकात जन्मून ही पहिलीच वेळ.

मग सांधा, म्हणजे नाती. मग ठोके.
खाते क्रमांकाचा इंडेक्स आधी,
नावांचा नंतर.
पिंजारी खुर्चीतच झोपला, मफलर तोंडावर.
त्याने त्याआधी एका कागदावर लिहून ठेवलं होतं:
‘दर महिन्याला एकदा हे मुद्दाम करून बघायचं.’
खाली दोन रेघा.

आठ बावन्नला फाटकाशी मोतीराम गांगुर्डे,
बजाजच्या सीटवर मशीन पुसत.
पगार मामा थर्मास घेऊन वर आले.
“आले का सगळे?”
आले, मामा. नंबर सांगा, लगेच उभे राहतील.
नावाने हाक मारलीत
तर थोडा वेळ लागेल अजून.

मामांनी नाइटचं रजिस्टर पुढे केलं.
बोटं गारठलेली.
सही माझ्यासारखी आली नाही.
त्यांनी ती नीट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं,
आणि चालवून घेतली.