बिनशिट्टीचं भांडं

रहमतभाईच्या भंगारात ते
फुटक्या इस्त्रीखाली पडलं होतं.
आठ कोन, कंबर बारीक, दांडा अर्धा जळालेला.
"काय व्हय हे?"
"कोनाले मालूम. पावभर ॲल्युमिन असन. ने, तुले फुकट."

मी एकतीस वर्षं कुकर दुरुस्त करतो,
परतवाड्याच्या बाजारात, घड्याळवाल्याच्या बाजूला.
पिळून उघडलं :
खाली टाकी, मधे नरसाळं, वर गाळणी,
आणि टाकीच्या पोटाला हरभऱ्याएवढा व्हॉल्व.
व्हॉल्व दिसला आणि ओळख पटली.
लांबचा का होईना, आपल्याच भावकीतला.

वायसर वाळून खारीक झाली होती.
रबराच्या तावावर पंचफुलाची बांगडी ठेवली,
भोवती पेन फिरवला, नवी कापली.

सुकलाल बेठेकर दर गुरुवारी चिखलदऱ्याहून उतरतो.
कॉफीच्या मळ्यात राबतो,
कॉफी कधी प्यायला नाही.
मी त्याच्या कुकरचे पैसे घेतले नाहीत
तर त्यानं दुपट्ट्याच्या गाठीतून
ओंजळभर बिया सोडल्या.

पंचफुलानं त्या तव्यावर भाजल्या, शेंगदाण्यासारख्या.
शेजारीण येऊन विचारून गेली,
"वो बाई, काय जळून राह्यलं?"
खलबत्त्यात कुटल्या, रव्याइतक्या जाड.
भांडं शेगडीच्या दांड्यांमधून घसरायचं,
म्हणून सायकलच्या स्पोकांची जाळी वळली.
आच बारीक केली. बसलो.

मी शिट्टीची वाट पाहत होतो.
दुसरं काय येतं मला?
डावा कान शिट्ट्यांनीच नेला,
उजवा निम्मा उरलाय,
तरी शिट्टी मला बोटांत कळते.
हे भांडं काहीच बोलेना.
"बिघडलं असन," म्हणत मी बंद करायला हात नेला.

पंचफुलानं मनगट धरलं.
"थांबा. बोलून राह्यलं ते."
"काय म्हन्ते?"
ती ऐकत राहिली. मला सांगण्यासाठी शोधत राहिली.
"नळाले पानी यायच्या आंधी... नाई, तसं नाई.
आपला पवन झोपेत बोले ना,
लहान होता तवा. तसं."

झाकण उचललं.
मधल्या नळीतून काळंभोर, सावकाश,
कोणाला न ढकलता वर येत होतं.
मी जन्मभर वाफ कोंडली, सोडली, कोंडली.
तिला असं कुणाला तरी खांद्यावर घेऊन
जिना चढताना पाहिलं नव्हतं.

तीन कप झाले, बाहुलीच्या भांड्यांतले.
"कडू जहर!" पंचफुला म्हणाली,
गुळाचा खडा टाकला, दूध टाकलं,
तोंड वाकडं करत तळापर्यंत प्याली.
तिसऱ्या कपाकडे दोघंही बघत राहिलो.
तो शेवटी थंड झाला.

गुरुवारी तिनं न सांगता
भांडं माझ्या पिशवीत घातलं,
जाळी, कागदाच्या पुडीत पूड, आणि गूळ वेगळा.
बाजारात स्टोव्ह आहेच.
सुकलालची गाडी साडेअकराला येते.