ब्याड

गाण्यात शब्द एकच आहे. भरमा म्हणतो, एक बस झाला की,
ड्रमला तर तेवढाही नसतो.

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
रविवारी भट्टी निवलेली असते, तेव्हा आम्ही वाजवतो.
साच्याची काळी वाळू स्नेअरवर नाचते.
सॅव्हियो कॅम्पातून बेस पाठीला बांधून सायकलनं येतो.
मी तिसऱ्या गेटकडून, चालत.
वाटेत एक मेडिकल आहे.
त्याच्यासमोरून न थांबता पुढं येणं,
हाच माझा रियाज.

आधी मी ‘नको’ लिहिलं होतं. वहीभर.
खरं नको म्हणताना तोंड शेवटी उघडंच राहतंय,
कुणी काही ओतावं तसं.
माझी नऊ वर्षं त्या ओकारात गेली.
अक्का म्हणायची, नागू, ऊठ. नको.
जेव. नको.
अंघोळ नको, उजेड नको, भरमाचा फोन नको.
आणि ती एवढीशी बाटली, खोकल्याचीच तर,
तिला मात्र कधी म्हणालो नाही.

मग बैलहोंगलच्या पुढचं ते केंद्र.
शेजारच्या खाटेवर गुरुसिद्ध, सौंदत्तीकडचा, ट्रॅक्टरवाला.
त्याला मराठी नाही. मला कानडी बाजारापुरती:
एष्ट, साक, बरतेन.
रात्री दोघांचीही हाडं ठणकायची,
आणि अंधारात तो कुणाला तरी सांगायचा:
ब्याड.
जीभ टाळूला जाऊन आपटते, संपलं.
दुकानाला शेवटची फळी लावल्यासारखं.
मी मोजत पडायचो. दोन ब्याडच्या मधे
कधी चार श्वास, कधी अकरा.
ठेका तिथून आलाय.

घरी आलो तर गिटारला तारा नव्हत्या.
अक्कानं काढून, वेटोळं करून
मोहरीच्या डब्यात ठेवल्या होत्या दोन वर्षं.
‘बिनतारांची कोण घेतंय विकत?’
एवढंच म्हणाली, आणि डबा पुढं सरकवला.
आठ दिवस बोटांना मोहरीचा वास.

भरमाची झांज मात्र गेली ती गेली.
मीच घातली होती भंगारात, किलोवर, पितळेच्या भावानं.
तो आता नापास झालेल्या एका कास्टिंगवर वाजवतो.
आवाज चांगला येतो, म्हणतो.
येत नाही.

वडगावच्या हॉलवर कार्यक्रम ठरला.
संयोजकांनी विचारलं, गाणं मराठी की कानडी?
बोर्डावर तसं लिहायला लागतंय.
भरमा म्हणाला, मोठ्यानं आहे, असं लिवा.

आदल्या दिवशी गुरुसिद्धला फोन लावला.
ये म्हणणार होतो. तुझंच गाणं आहे.
त्याच्या बायकोनं उचलला. तिची कानडी भरभर,
मागं कुठंतरी म्हैस ओरडत होती.
मला एकच शब्द लागला: मत्त.
तिकडं त्याचा अर्थ ‘पुन्हा’.
आपल्यात काय, ते तुम्हाला ठाऊक आहे.

वाजवलं तरीही. चांगलं वाजलं.
शेवटाकडं मी एकदा ओरडतो, मग सगळे गप्प,
चार मोजायचे, आणि परत.
चार झाले.
सॅव्हियोनं माझ्याकडं बघितलं.
सात. लोकांना वाटलं संपलं, टाळ्या सुरू झाल्या,
मागच्या खुर्च्या सरकल्या.
भरमानं काठी वर धरली होती, खाली आणली नाही.
त्यानं विचारलं नाही कशासाठी.
अकरा.
बारा.
मी शेजारच्या खाटेकडं कान लावून उभा होतो.