पाचवं बटण

पॉवर हाउसच्या मागच्या बोळात,
माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर
ते एका मंगळवारी होतं.
सोमवारी नव्हतं. एवढं मी कोर्टातही सांगेन.

टेम्पो आला असता तर उपासन्यांचं कुत्रं भुंकलं असतं.
फुटपाथात चार बोल्ट ठोकले असते
तर मिसेस डिमेलो खिडकीत आल्या असत्या,
त्या तर पोस्टमनच्या खोकल्यालाही येतात.

निळं. माणसाहून वीतभर उंच.
काचेमागे अंधार, आणि पाच बटणं.
चारांवर चित्रं: संत्रं, आंबा, लिंबू
आणि एक फळ, ज्याच्या नावावरून
मार्केट यार्डातले दोन आडते वर्षभर बोलत नव्हते.
पाचवं कोरं.

पाचाचं जुनं जाड नाणं टाकायचं.
सोनेरी टाकलं तर खणकन परत.

वायरमन ढमढेरे टेस्टर घेऊन आला,
वायरीमागे भिंतीपर्यंत गेला, मग भिंतीच्या पलीकडे.
पलीकडे भिंत संपत होती. वायर नाही.
मीटर कुणाच्याच नावावर नाही.
"चोरीची असती तर बरं," म्हणाला,
"चोरीच्या विजेला निदान मालक असतो."

महापालिकेनं नोटीस डकवली,
मालकाने सात दिवसांत हजर व्हावे.
आठव्या दिवशी खाली बॉलपेननं कुणीतरी:
मालक आत आहे. हळू बोला.

मग काय.
नाना पेठेत म्हणाले, पाचव्यातून किल्ली येते.
सोमवार पेठेत म्हणाले, किल्ली कसली, कुलूप येतं.
केईएमच्या नर्सा नाइट संपवून लिंबू घ्यायच्या
आणि पाचव्यावर पर्स आडवी धरायच्या.
फिरोज रिक्षावाला त्याला जाता-येता हॉर्न द्यायचा,
ओळख असलेली बरी म्हणून.

माझंही यात एक खोटं आहे.

एका संध्याकाळी एक बाई आली, सोबत नऊ-दहा वर्षांचा मुलगा.
शंभर प्रती हव्या होत्या.
हरवले आहेत. चंद्रसेन काळभोर, वय ४१,
अंगात राखाडी शर्ट, मराठी व कानडी बोलतात.
टोनर संपत आला होता.
साठाव्या प्रतीला शर्ट गेला,
ऐंशीला डोळे.
बाई बघत होती, काही म्हणाली नाही.
मी मुलाला बोलण्यात गुंतवलं.
तो म्हणाला, काका, पाचव्यातून काय येतं?

आपण ज्याची वाट बघतो ना, म्हटलं,
त्याच्यासाठी काहीतरी थंड.
पण ते त्यानंच उघडायचं.

पाच रुपयेही मीच दिले.
धडाम् असा आवाज झाला आणि एक डबा आला,
नाव नाही, गाव नाही, नुसता पत्रा.
घाम फुटलेला.
त्यानं तो शर्टात घातला, पोटाशी,
आणि थंडीनं कुडकुडत आईमागून गेला.

महिन्याभरात माझं खोटं मला परत विकत मिळालं,
दुधवाल्याकडून, मिसेस डिमेलोंकडून, थोडं वाढवून.
रास्ता पेठेतल्या कितीतरी फ्रीजच्या दारात
दुधाच्या पिशवीशेजारी एकेक कोरा डबा.
कुणाचा दुबईचा मुलगा. कुणाची बोलणं टाकलेली बहीण.
पाहुण्यांना पोरं सांगायची, त्याला हात नाही लावायचा.

ते गेलं तेही कुणी पाहिलं नाही.
चार भोकं राहिली, त्यांवर ब्लॉक बसवले.
रास्ता पेठेत एवढी मोकळी जागा
आणि तिथे अजून कुणी स्कूटर लावत नाही.
याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

गेल्या महिन्यात एक उंच पोरगा आला,
आधार कार्डाची कॉपी हवी होती.
आडनाव वाचलं. हात थांबला.
तोच म्हणाला, "फ्रीज दोनदा बदलला, काका.
डबा तोच आहे."

उघडलेला की बंद?
ओठांवर आलं होतं.
मशीनचं झाकण उघडलं, कार्ड पालथं ठेवलं.
पाठपोट काढू ना, एवढंच विचारलं.